शिक्षा एकत्र की एकापाठोपाठ? अपिलात नेमकं काय बदलू शकतं – नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पेपरात बातमीच्या शेवटी एक ओळ असते, "सर्व शिक्षा एकत्रित भोगायच्या आहेत". बहुतेक जण ती वाचत नाहीत. पण ज्याचा माणूस आत आहे त्याच्यासाठी कधीकधी बाकीच्या ऐंशी पानांपेक्षा ती एकच ओळ मोठी असते. मी जिल्हा कोर्टात फौजदारी कामं करतो आणि निकालानंतर व्हरांड्यात नातेवाईक जे विचारतात तेच प्रश्न इथे घेतलेत. हा सल्ला नाही, तुमच्या केसचे कागद तुमच्याच वकिलाला दाखवा.

एकत्र म्हणजे काय आणि एकापाठोपाठ म्हणजे काय, एकदा सरळ सांगा ना?

समजा एकाच केसमध्ये तीन कलमांखाली दोष सिद्ध झाला, एका कलमाला ५ वर्षं, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला २. एकत्र भोगायच्या असतील तर तिन्ही घड्याळं एकदमच सुरू होतात आणि सगळ्यात मोठी शिक्षा संपली की बाहेर, म्हणजे ५ वर्षं. एकापाठोपाठ असतील तर एक संपल्यावर दुसरी सुरू, म्हणजे ५ अधिक ३ अधिक २, पूर्ण १० वर्षं. गुन्हा तोच, पुरावा तोच, कलमं तीच, फक्त शेवटच्या परिच्छेदात कुठला शब्द पडला त्यावर पाच वर्षांचा फरक.

निकालात काहीच लिहिलं नसेल तर? आम्हाला तर वाटलं एकत्रच असतात.

हा गैरसमज सगळ्यात जास्त आणि सगळ्यात महागात पडणारा. जुन्या सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम ३१ असं होतं की कोर्टाने एकत्र भोगा असं सांगितलं नाही तर शिक्षा एकामागून एक. म्हणजे कोर्ट गप्प राहिलं तर ते गप्प राहणं आरोपीच्या विरोधात जातं, आणि जेल प्रशासन काय करणार, त्यांच्या हातात कोर्टाने पाठवलेलं शिक्षेचं वॉरंट, त्यावर जे लिहिलंय ते ते मोजतात, स्वतःच्या मनाने एकत्र धरू शकत नाहीत.

याचं चांगलं उदाहरण म्हणजे सुनील कुमार विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार, सुप्रीम कोर्ट, मे २०२१. अपहरण आणि बलात्काराच्या कलमांखाली ५, ७ आणि १० वर्षं, पण त्या एकत्र की कशा हे खालच्या कोर्टाने लिहिलंच नव्हतं. बेरीज केली तर २२ वर्षं. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे लिहिणं कोर्टाचं कर्तव्य आहे, न लिहिल्याने आरोपीवर उगाच अन्याय होतो आणि पुढच्या यंत्रणांचा गोंधळ होतो, आणि त्या केसपुरती एकूण कैद १४ वर्षांवर आणून थांबवली. त्याआधी २०१९ मध्ये पंजाबमधल्या गगन कुमारच्या केसमध्येही हेच, अपघाताची साधी केस, मॅजिस्ट्रेटने लिहायचं राहिलं, सेशन्स आणि हायकोर्टानेही तिकडे लक्ष दिलं नाही, शेवटी दिल्लीला जाऊन त्या शिक्षा एकत्र झाल्या. एका ओळीसाठी चार कोर्टं!

नवीन कायद्यात काय बदललं?

१ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या जागी बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) आली, तिथे हे कलम २५ आहे. आता भाषा अशी की गुन्ह्याचं गांभीर्य बघून शिक्षा एकत्र की एकापाठोपाठ याचा आदेश कोर्टाने करायचाच, मौन पाळायची सोय ठेवलेली नाही. ते चांगलं झालं. पण दुसऱ्या हाताने काहीतरी घेतलं पण आहे, एकापाठोपाठ शिक्षांच्या एकूण बेरजेला आधी १४ वर्षांची मर्यादा होती ती आता २० वर्षं केलीय. १ जुलै २०२४ च्या आधीपासून चालू असलेले खटले आणि अपिलं मात्र जुन्या कायद्यानेच पुढे जातात, त्यामुळे अजून बरीच वर्षं आम्हाला दोन्ही पुस्तकं बगलेत घेऊन फिरावं लागणार.

ही १४ किंवा २० वर्षांची मर्यादा म्हणजे जन्मठेप १४ वर्षांचीच ना?

नाही नाही नाही. या दोन गोष्टींचा एकमेकांशी काही संबंध नाही. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, आणि हे आजचं नाही, गोपाळ विनायक गोडसे विरुद्ध महाराष्ट्र सरकार या केसमध्ये १९६१ लाच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय. १४ वर्षांनंतर सुटका होते ती सरकारने माफी दिली तर, हक्क म्हणून नाही. वर सांगितलेली मर्यादा ही मुदतीच्या शिक्षांची बेरीज किती होऊ द्यायची त्याची आहे. आणखी एक मर्यादा पण तिथेच आहे, ते कोर्ट एका गुन्ह्यासाठी जास्तीत जास्त जेवढी शिक्षा देऊ शकतं त्याच्या दुपटीपेक्षा एकूण बेरीज जाऊ नये. प्रथम वर्ग मॅजिस्ट्रेटला ३ वर्षांपर्यंतचा अधिकार, मग त्याने कितीही कलमं जोडली तरी एकापाठोपाठ ६ च्या वर नाही.

अपिलात आमच्या हाताशी येणारी ही सगळ्यात सोपी गोष्ट आहे खरं तर, कारण इथे वाद घालायचा नसतो, फक्त बेरीज करायची असते. मध्य प्रदेशच्या चतर सिंगच्या केसमध्ये २००६ ला बेरीज २० वर्षं होत होती, ती १४ च्या पुढे जाते म्हणून सुप्रीम कोर्टाने शिक्षा कमी केली.

जन्मठेप दोनदा झाली तर? एक संपल्यावर दुसरी?

कशी संपणार, माणसाला आयुष्य एकच. हाच प्रश्न मुथुरामलिंगमच्या केसमध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठापुढे गेला होता, जुलै २०१६ मध्ये निकाल आला. अनेक खुनांसाठी अनेक जन्मठेपा देता येतात, पण त्या एकावर एक बसतात, एकामागून एक लागत नाहीत. फरक इतकाच की एका जन्मठेपेत सरकारने माफी दिली तरी दुसरीची माफी आपोआप होत नाही. पेपरात "दुहेरी जन्मठेप" असं मोठ्या अक्षरात येतं त्याचा अर्थ हा.

पण त्याच निकालात एक बारीक गोष्ट आहे. जन्मठेप आणि मुदतीची शिक्षा दोन्ही असतील तर कोर्ट असं म्हणू शकतं की आधी मुदतीची भोग आणि मग जन्मठेप सुरू होईल. उलटं नाही म्हणता येत. म्हणजे १० वर्षं आधी, मग जन्मठेप, हे चालतं, आणि माफीसाठी वर्षं मोजायला बसलात की त्या दहाचा फटका कळतो. त्यामुळे जन्मठेप झालीय म्हणून बाकीच्या कलमांच्या शिक्षेकडे दुर्लक्ष करू नका, क्रम कसा लिहिलाय ते बघा.

कोर्ट कशावरून ठरवतं की इथे एकत्र आणि तिथे एकापाठोपाठ?

मुख्य कसोटी एक, सगळे गुन्हे एकाच घटनेतून आलेत का. वकील याला सिंगल ट्रान्झॅक्शन रूल म्हणतात. १९८८ मध्ये मोहम्मद अख्तर हुसेन या सोन्याच्या तस्करीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने तो मांडला, घटना एक असेल तर साधारणपणे शिक्षा एकत्र, व्यवहारच वेगवेगळे असतील तर हा नियम लागत नाही, आणि त्याचबरोबर एकूण शिक्षा गुन्ह्याच्या मानाने फार होत नाहीये ना तेही बघायचं. घरात घुसला, मारहाण केली, दागिने घेऊन पळाला, ही एक रात्र एक घटना. पण सोमवारी एका गावात आणि गुरुवारी दुसऱ्या गावात, ह्या दोन.

पुढे २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये तीन न्यायाधीशांपुढे ओ. एम. चेरियन विरुद्ध केरळ सरकार ही केस आली, बायकोचा छळ आणि तिला आत्महत्येस प्रवृत्त करणं, २ वर्षं आणि ७ वर्षं, एकापाठोपाठ. तिथे कोर्टाने स्पष्ट केलं की कलमात "एकामागून एक" असं आधी लिहिलंय म्हणून तोच सर्वसाधारण नियम असं समजायचं कारण नाही, कोर्टाला पूर्ण मोकळीक आहे, फक्त ती विचारपूर्वक वापरायची. शिक्षा एकत्र केल्या. आमच्याकडे अपिलात सगळ्यात जास्त वेळा दाखवला जाणारा निकाल हाच असावा.

आयपीसी म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ७१ मध्ये, आता बीएनएसच्या (भारतीय न्याय संहिता) कलम ९ मध्ये, एक जुनं उदाहरण दिलंय ते मला फार आवडतं. एकाने दुसऱ्याला काठीचे पन्नास फटके मारले. प्रत्येक फटक्याला वेगळी शिक्षा धरली तर पन्नास वर्षं आत जाईल, तसं करायचं नाही, मारहाण एकच. पण मारत असताना मध्ये सोडवायला तिसरा आला आणि त्यालाही मुद्दाम एक ठेवून दिला तर तो मात्र वेगळा गुन्हा. ब्रिटिशांच्या काळातलं उदाहरण आहे पण कुठल्याही गावातल्या बांधावरच्या भांडणाला आजही तसंच्या तसं लागू पडतं.

मग एकाच घटनेत पण एकापाठोपाठ शिक्षा कशा होतात? मोठमोठ्या केसमध्ये झाल्यात की.

झाल्यात. डेरा सच्चा सौदाच्या गुरमीत राम रहीमला ऑगस्ट २०१७ मध्ये पंचकुलाच्या सीबीआय कोर्टाने दोन महिलांवरच्या बलात्कारासाठी १० आणि १० अशी २० वर्षं एकापाठोपाठ दिली. पीडित दोन, गुन्हे दोन, तिथे एकत्र केलं असतं तर दुसऱ्या महिलेवरच्या अत्याचाराची शिक्षा शून्य झाली असती, मला तरी तो तर्क पटतो. लालूप्रसाद यादवांना चारा घोटाळ्यातल्या दुमका ट्रेझरीच्या केसमध्ये मार्च २०१८ ला आयपीसीखाली ७ आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली ७, अशी एकापाठोपाठ १४ वर्षं झाली. इथे मात्र पैसे तेच, ट्रेझरी तीच, फक्त कायदे दोन, त्यामुळे कायदा शिकणारी पोरं याच्यावर तासभर भांडू शकतात.

अपिलात हे खरंच बदलतं का, की आमचं मन राखायला सांगताय?

खरंच बदलतं. आणि याला नितीश कटारा केसपेक्षा चांगलं उदाहरण नाही. खून फेब्रुवारी २००२ चा. २००८ मध्ये ट्रायल कोर्टाने विकास यादव आणि विशाल यादवला जन्मठेप दिली. फेब्रुवारी २०१५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने शिक्षा वाढवली, खुनासाठी माफीशिवाय २५ वर्षं आणि पुरावा नष्ट केल्याबद्दल वर आणखी ५, आणि ती ५ त्या २५ नंतर, म्हणजे ३०. ऑक्टोबर २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोष कायम ठेवला, २५ वर्षं कायम ठेवली, माफी नाही हेही कायम ठेवलं, फक्त ती शेवटची ५ वर्षं वेगळी न भोगता एकत्र भोगायची केली. म्हणजे एवढ्या गाजलेल्या केसमध्ये, जिथे कोर्टाला आरोपींबद्दल अजिबात सहानुभूती नव्हती, तिथेसुद्धा हा एक मुद्दा स्वतंत्रपणे तपासला गेला आणि पाच वर्षं कमी झाली.

यातून जे घ्यायचं ते असं की दोष सिद्ध झालाय आणि तो वरही टिकणार असं दिसत असलं तरी शिक्षेचा मुद्दा वेगळा लढता येतो. आणि इथेच आमची वकील मंडळी कमी पडतात, मीही पडलोय. अपिलात सगळा जोर निर्दोष सुटकेवर, पंच फुटला, एफआयआर उशिरा, ओळख परेड चुकीची, आणि शिक्षा एकत्र करा ही विनंती अपिलाच्या मेमोमध्ये, म्हणजे लेखी अर्जात, एका ओळीत टाकलेली, युक्तिवादात तर कधीकधी तोंडातून निघतच नाही. कोर्टासमोर "दोष कायम राहिलाच तर निदान शिक्षा एकत्र करा" असं म्हटलं की आपण हरलोय असं वाटेल ही भीती असते. अहो, कोणाला तसं वाटत नाही. जज लोकांना पर्यायी विनंतीची सवय असते.

अपील कोर्ट कशाकशात हात घालू शकतं?

सीआरपीसी ३८६, नवीन कायद्यात ४२७. दोष रद्द करू शकतं, कलम बदलू शकतं, शिक्षेचा प्रकार आणि प्रमाण बदलू शकतं. पण आरोपीच्या अपिलात शिक्षा वाढवू शकत नाही, असं कलमातच आहे. समजा तीनपैकी एका कलमातून सुटका झाली तर एकापाठोपाठच्या माळेतला तो मणी निघतो आणि पुढच्या शिक्षेची सुरुवात तेवढी अलीकडे येते, अशा वेळी जेलला सुधारित वॉरंट वेळेवर पोचलंय का ते स्वतः जाऊन बघा.

अपील केलं आणि उलट एकत्रच्या एकापाठोपाठ करून टाकल्या तर? गावातले म्हणतात गप्प बसा.

ही भीती खूप जणांना असते. आधी हे समजून घ्या की एकत्रच्या एकापाठोपाठ करणं म्हणजे आतली वर्षं वाढणारच, तेव्हा ते शिक्षा वाढवण्यातच जमा. आणि त्यासाठी सरकारने वेगळं अपील करावं लागतं, जुनं कलम ३७७, नवीन ४१८, आणि त्यात आरोपीला नोटीस, बाजू मांडायची संधी, एवढंच काय त्याच अपिलात आरोपी सरळ निर्दोष सुटका पण मागू शकतो. आधी असा प्रकार व्हायचा की आरोपीचं अपील ऐकता ऐकता हायकोर्ट स्वतःहून रिव्हिजनचा, म्हणजे खालच्या कोर्टाचा निकाल तपासायचा, अधिकार वापरून शिक्षा वाढवायचं. जून २०२५ मध्ये तमिळनाडूच्या नागराजनच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सरकार किंवा पीडित कोणीच शिक्षा वाढवा म्हणून आलेलं नसताना आरोपीने केलेल्या अपिलात असं करता येणार नाही, अपील केलं म्हणून माणूस होता त्यापेक्षा वाईट अवस्थेत जाता कामा नये. म्हणजे गप्प बसायचं कारण आता उरलेलं नाही.

आम्ही फिर्यादीकडचे आहोत. शिक्षा एकापाठोपाठ व्हायला हवी होती असं वाटतं. आम्ही अपील करू शकतो का?

थेट नाही. पीडिताला अपिलाचा हक्क आहे तो आरोपी सुटला, कमी गंभीर कलमात दोषी धरला किंवा भरपाई कमी दिली तर. शिक्षा कमी वाटते एवढ्या कारणावर नाही, परविंदर कंसलच्या केसमध्ये २०२० ला सुप्रीम कोर्टाने हेच परत सांगितलं. तुमचा रस्ता म्हणजे सरकारी वकिलांकडे लेखी अर्ज देऊन सरकारला अपील करायला लावणं, किंवा रिव्हिजन. मुदत धावत असते, तेव्हा निकालाच्या आठवड्यातच अर्ज द्या.

अपील कुठे करायचं, एकापाठोपाठ शिक्षेमुळे त्यात फरक पडतो का?

पडतो, आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. अपिलापुरती एकापाठोपाठच्या शिक्षांची बेरीज ही एकच शिक्षा धरतात. मॅजिस्ट्रेटच्या निकालावर साधारणपणे सेशन्स कोर्टात अपील. पण शिक्षा ७ वर्षांपेक्षा जास्त असेल तर थेट हायकोर्ट. आता चीफ ज्युडिशियल मॅजिस्ट्रेटने ४ आणि ४ एकापाठोपाठ दिली तर सुटी सुटी बघितली तर सेशन्सचं काम, पण बेरीज ८, म्हणजे हायकोर्ट. तसंच सेशन्स कोर्टाने ३ महिन्यांपर्यंतचीच कैद दिली तर अपील नसतं, पण २ आणि २ महिने एकापाठोपाठ दिले तर बेरीज ४, अपील आहे.

हायकोर्ट म्हणजे मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच, जिथे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे जातात. सिंधुदुर्गातल्या माणसाला अपिलाच्या तारखेसाठी रात्रभर प्रवास करून मुंबई गाठायला लागायची, ते वाचलं.

मुदत किती?

सेशन्सला ३० दिवस, हायकोर्टाला ६० दिवस, फाशी असेल तर ३०. निकालाची सर्टिफाइड कॉपी मिळायला गेलेले दिवस त्यात धरत नाहीत. उशीर झाला तर माफीचा अर्ज करता येतो, आणि आत असलेल्या माणसाच्या बाबतीत कोर्टं सहसा ताणून धरत नाहीत.

वकिलाला पैसे नाहीत.

तुरुंगात असलेल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात तसं आहे. निकालाची प्रतही फुकट. आणि ही गोष्ट आपल्याच राज्यातल्या केसमधून आलीय, एम. एच. हॉसकोट विरुद्ध महाराष्ट्र सरकार, १९७८. त्या माणसाला निकालाची प्रत वेळेत मिळालीच नव्हती असं त्याचं म्हणणं होतं, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितलं की प्रत मोफत द्यायची, ती मिळाल्याची कैद्याची सही घ्यायची आणि अपिलासाठी वकील पण द्यायचा. अपील जेलमधूनच अधीक्षकांमार्फत पाठवता येतं. त्यात मोठं इंग्रजी काही लिहायला लागत नाही, फक्त "माझ्या शिक्षा एकत्र करा" हेही लिहा म्हणून भेटीला जाल तेव्हा सांगा.

केस एक नाही, चार आहेत, वेगवेगळ्या कोर्टात. तिथे पण हेच नियम?

नाही, तिथे वेगळं कलम, जुनं ४२७, नवीन ४६७. एका केसची शिक्षा भोगत असताना दुसऱ्या केसमध्ये शिक्षा झाली तर दुसरी ही पहिली संपल्यावर सुरू, कोर्टाने एकत्र म्हटलं तरच एकत्र. फक्त पहिली जन्मठेप असेल तर नंतरची तिच्याबरोबरच चालते. म्हणून दुसऱ्या केसच्या जजला पहिली शिक्षा चालू आहे हे माहीतच असायला हवं, आणि ते त्याला कोण सांगणार? तुम्ही. पहिल्या केसचा निकाल आणि जेलचा दाखला शिक्षेवरच्या सुनावणीला हजर पाहिजे.

चेक बाउन्सवाल्यांसाठी व्ही. के. बन्सल, २०१३. पंधरा केसेस होत्या, कोर्टाने कर्ज घेणाऱ्या कंपन्यांप्रमाणे गट पाडले, एका गटातल्या सगळ्या शिक्षा एकत्र, पण एका गटाच्या नंतर दुसरा गट. ड्रग्जवाल्यांना मात्र फार आशा नको, मोहम्मद जाहिदला अमृतसरला १२ आणि दिल्लीला १५ वर्षं झाली होती, डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकत्र करायला साफ नकार दिला, वेगळे गुन्हे, वेगळ्या वेळा, आणि एनडीपीएस या अंमली पदार्थांच्या कायद्यात दयामाया नाही.

आणि दुसऱ्या टोकाला इक्रम. उत्तर प्रदेशचा, वीज साहित्याच्या चोरीच्या नऊ केसेस, प्रत्येकात २ वर्षं, आणि कोणीही एकत्र म्हटलं नाही. जेलने हिशोब केला १८ वर्षं! वीज साहित्याच्या चोरीला अठरा! त्याने तर गुन्हा कबूल करून प्ली बार्गेनिंग केलेलं. हायकोर्टाने दाद दिली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने नऊच्या नऊ एकत्र केल्या.

अपील संपलं, आता लक्षात आलं. मागाहून अर्ज करून एकत्र करून घेता येईल?

कठीण. खालच्या कोर्टाने एकदा निकालावर सही केली की टायपिंगची चूक सोडून काही बदलता येत नाही. हायकोर्टाच्या अंगभूत अधिकारात अर्ज करतात, पण एम. आर. कुडवाच्या केसमध्ये २००७ ला सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की ट्रायलमध्ये आणि अपिलात हा मुद्दा काढला नाही आणि नंतर वेगळा अर्ज घेऊन आलात तर तो चालणार नाही. इक्रमसारखी टोकाची परिस्थिती असेल तर सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन मिळतंही, पण इक्रम सगळेच नसतात. म्हणून मी अपिलातच मागा, अपिलातच मागा असं परत परत म्हणतो.

दंड भरला नाही तर होणारी कैद पण एकत्र धरतात का?

नाही. शरद हिरू कोळंबे विरुद्ध महाराष्ट्र सरकार, २०१८, मोक्काची (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) केस. दंड न भरल्याची कैद ही शिक्षा नसून दंड चुकवल्याचा परिणाम, त्यामुळे ती मूळ शिक्षेबरोबर किंवा दुसऱ्या दंडाच्या कैदेबरोबर एकत्र चालू शकत नाही. चार कलमांत चार दंड आणि प्रत्येकी सहा महिने असतील तर दोन वर्षं झाली की, तीही मूळ शिक्षा संपल्यावर. तिथेही कोर्टाने एकत्र करायला नकार दिला पण न भरल्याच्या कैदेची मुदतच कमी केली, म्हणजे अपिलात मागायचं ते असं. आणि दंड थोडा थोडा भरता आला तर भरा, जेवढा भराल त्या प्रमाणात कैद कमी होते.

कच्च्या कैदेत गेलेले दिवस?

ते वजा होतात, सेट-ऑफ, जुनं ४२८ नवीन ४६८. दोन केसमध्ये एकाच वेळी कच्चा कैदी होता तर ते दिवस दोन्हीत धरायचे की एकातच, यावर नजाकत अलिया मुबारक अलीच्या केसमध्ये २००१ ला महाराष्ट्र सरकारच हरलं होतं, बहुमताने दोन्हीत धरा असं ठरलं. पण एका केसची शिक्षा भोगण्यात गेलेले दिवस दुसऱ्या केसची कच्ची कैद म्हणून खपवायला जाऊ नका, कोर्टं ते सहसा उचलून धरत नाहीत, नुसता वाद होतो आणि वर्षभर त्यातच जातं.

निकाल कालच लागलाय. आज काय करू?

निकालाचं शेवटचं पान उघडा, जिथे आदेश असतो तिथे, आणि प्रत्येक कलमापुढची शिक्षा, दंड, दंड न भरल्यास किती, हे एका कागदावर उतरवा. मग "एकत्रित" हा शब्द किंवा इंग्रजीत असेल तर "कॉन्करंट" शोधा. सापडला नाही तर त्याच दिवशी वकिलाला फोन. पुढच्या भेटीला जेलमध्ये गेलात की ऑफिसमध्ये सुटकेची तारीख काय लावलीय ते विचारा आणि आपल्या कागदाशी ताडून बघा. परवा एक मावशी आल्या होत्या, मुलाला ४ वर्षं लागलीत म्हणून तशी मनाची तयारी करून बसलेल्या, आणि जेलच्या नोंदीत तारीख नऊ वर्षांनंतरची. निकालात तो शब्द नव्हता. अपिलाच्या मुदतीचे अकरा दिवस उरले होते, त्याच संध्याकाळी मेमो टाइप केला.